छोट्या प्लांटेड टँकसाठी लाईट कसा निवडायचा? खोक्यावरचे वॉट बाजूला ठेवा, आधी टँकची उंची मोजा

डोंबिवलीत माझ्या ओळखीच्या पाच-सहा घरांत तरी टीव्हीशेजारी दीड फुटाचा फिश टँक आहे. त्यातल्या बहुतेकांमध्ये झाडं प्लास्टिकची आहेत. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "खरी लावली होती हो, पण जगलीच नाहीत." आणि लाईट कोणता होता? "दुकानदाराने टँकबरोबर दिला तो."

गडबड इथेच होते. टँकबरोबर मिळणारा लाईट मासे दिसावेत म्हणून असतो. मासा प्रकाश खात नाही, झाड खातं. त्यामुळे मासे सुंदर दिसतात आणि झाडं हळूहळू उपाशी मरतात. याच्या अगदी उलट चूकही होते आणि ती जास्त महाग पडते : यूट्यूबवरचे हिरवेगार टँक बघून भारीतला लाईट आणायचा आणि महिन्याभरात अख्ख्या टँकवर शेवाळाची गोधडी चढवायची. मी दोन्ही चुका केल्या आहेत, त्याच क्रमाने.

हा लेख २० ते ६० लिटरच्या टँकबद्दल आहे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, पाणी नळाचं, जागा वन-बीएचकेच्या हॉलमधली आणि घरातली माणसं दिवसभर कामावर. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत बहुतेकांची परिस्थिती हीच असते.

आधी टेप घ्या

आपल्याकडे दुकानात टँक फुटात विकतात. माझा दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण ४५ × ३० × ३० सेंटिमीटर. गुणाकार केला की ४०.५ लिटर. पण तळाला दोन इंच वाळू, वर दीड-दोन इंच मोकळी जागा. प्रत्यक्ष पाणी ३३-३४ लिटरच. हिशेब या आकड्याने करायचा.

लिटरपेक्षाही महत्त्वाची आहे ती उंची. दिव्यापासून लांब गेलं की प्रकाश झपाट्याने कमी होतो. एकाच ठिकाणाहून प्रकाश देणारा बल्ब असेल तर अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. (लांबट पट्टीच्या लाईटमध्ये ही घट जरा सौम्य असते.) म्हणूनच एक फूट उंच टँकला पुरणारा लाईट दीड फूट उंच टँकमध्ये वाळूपर्यंत कमजोर होऊन पोहोचतो. अजून टँक घेतला नसेल तर उंच आणि अरुंद टँकच्या मोहात पडू नका. बुटका, पसरट टँक उजळायला सोपा आणि स्वस्त. गोल बाऊलबद्दल मी काही लिहीत नाही, त्यात मासा ठेवूच नये.

वॉट, लुमेन, केल्विन आणि पार

जुन्या पुस्तकांत एक नियम असायचा : एका गॅलनला इतके वॉट. तो ट्यूबलाईटच्या जमान्यातला. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो, प्रकाश किती देतो ते नव्हे. एलईडी आल्यावर हा नियम बाद झाला, तरी दुकानात अजूनही "बारा वॉटचा घ्या, बेस्ट" असंच ऐकायला मिळतं.

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, पण माणसाच्या डोळ्याला जाणवेल तसा मोजलेला. आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला, साधारण ५५५ नॅनोमीटरला, सगळ्यात जास्त दाद देतो. झाडाचं गणित वेगळं आहे. क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश जोरात शोषतं, हिरवा कमी. (कमी, पण अजिबात नाही असं नाही. "झाड हिरवा प्रकाश वापरतच नाही" हे वाक्य इंटरनेटवर फार फिरतं, ते चूक आहे.)

झाडासाठीचं खरं माप म्हणजे पार : ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला असे किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात यावर तो मोजतात. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो. आपल्या टँकमध्ये वाळूजवळ १५ ते ३० मिळाले तरी सोपी झाडं मजेत वाढतात. ३० ते ५० म्हणजे मध्यम प्रकाश. ५० च्या वर गेलात की सिलिंडर, खत, दर आठवड्याची कात्री हे सगळं मागोमाग येतं.

राहिला केल्विन. हा प्रकाशाचा रंग : ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. टँकसाठी ६५०० च्या आसपासचा सर्वसाधारणपणे सुचवला जातो, कारण त्यात झाडं आणि मासे नैसर्गिक दिसतात. झाड मात्र ४००० वरही वाढेल आणि ८००० वरही. केल्विन हा मुख्यतः आपल्या डोळ्यांच्या सोयीचा आकडा आहे. इथे आपल्याला एक फायदा आहे. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात "कूल डेलाइट" म्हणून जो पांढरा बल्ब मिळतो तो बहुतेकदा ६५०० केल्विनचाच असतो.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा दिसतो. म्हणजे निळा भाग त्यात भरपूर असतो आणि लालही पुरेसा. या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळालं. त्यातले एक हिरोशी अमानो. आणि टँकमध्ये जंगल उभं करण्याची 'नेचर ॲक्वेरियम' ही शैली जगभर नेणारे जपानी छायाचित्रकार तकाशी अमानो. दोघे वेगळे, आडनाव एक. आज आपल्या टँकवर दोन्ही अमानोंचं काम एकत्र चालू असतं, ही मला उगाचच आवडणारी गोष्ट आहे.

गडद निळे लाईट घेऊ नका. ते समुद्री टँकमधल्या प्रवाळांसाठी असतात. गुलाबी-जांभळ्या 'ग्रो लाईट'खाली झाडं वाढतील, पण हॉलमध्ये संध्याकाळी जांभळा उजेड बघत चहा प्यायची तयारी हवी. आमच्या घरी तो प्रयोग दोन दिवस टिकला. आईने तिसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल टाकला.

लुमेनचा ढोबळ हिशेब

पार मीटर महाग असतो, एका टँकसाठी घेण्यात अर्थ नाही. त्यामुळे उंची फूटभर असेल तर लिटरमागे लुमेन हा अंदाज चालतो : सोप्या झाडांसाठी १५ ते २५, मध्यमसाठी २५ ते ४०. माझ्या ३४ लिटरला याचा अर्थ ५०० ते ८५० लुमेन. साधा ९ वॉटचा एलईडी बल्ब ९०० च्या आसपास लुमेन देतो. म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांच्या बल्बमध्ये काम होऊ शकतं. "होऊ शकतं" म्हणतोय, कारण बल्बचा प्रकाश चहूकडे सांडतो. तो खाली वळवला नाही तर टँकपेक्षा भिंतच जास्त उजळते.

हे नुसतं तर्काने सांगत नाही, मोबाईलने मोजलं आहे. अँड्रॉइड फोनच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी प्रकाशाचा सेन्सर असतो, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारा. 'लक्स मीटर' नावाची कितीतरी फुकट ॲप्स त्याचा आकडा दाखवतात. टँक रिकामा असताना फोन तळाशी, स्क्रीन वर करून ठेवायचा. टँक भरलेला असेल तर तेवढ्याच अंतरावर टँकबाहेर मोजायचं. एक फूट स्वच्छ पाण्याने आपल्या कामापुरता फार फरक पडत नाही. फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून पाण्यात घालू नका, प्लीज.

माझे आकडे असे : उघडा ९ वॉटचा बल्ब, वाळूपासून ४० सेंटिमीटरवर, जेमतेम ८०० लक्स. तोच बल्ब, तेच अंतर, पण आतून चकचकीत ॲल्युमिनियमच्या टोपीत (जुन्या टेबललॅम्पची होती) : २२०० लक्स. बल्ब तोच, वीजही तेवढीच, फरक फक्त टोपीचा.

लक्सवरून पार काढायला ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीसाठी साधारण ७० ने भागायचं. ८०० भागिले ७० म्हणजे ११, यात जावा फर्नही रडत-रखडत वाढेल. २२०० भागिले ७० म्हणजे ३१. झालं काम. उन्हासाठी हाच भाजक ५४ च्या आसपास असतो आणि रंगीत एलईडींच्या लाईटला तर हा हिशेब लागूच पडत नाही, कारण लाल-निळा प्रकाश लक्समध्ये फार कमी मोजला जातो. दोन फोन वेगवेगळे आकडे दाखवतील हेही धरून चाला. पण कालचा आणि आजचा, डावा आणि उजवा कोपरा, जुना आणि नवा लाईट यांची तुलना एकाच फोनवर उत्तम होते.

तुमच्या डोळ्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. रात्री ट्यूबलाईटच्या उजेडात हॉलमध्ये १००-२०० लक्स असतात आणि आपण त्यात आरामात पेपर वाचतो. बाहेर कडक उन्हात लाखभर लक्स असतात. डोळा दोन्हीकडे जुळवून घेतो, झाडाला ती सोय नाही.

झाड आधी ठरवा, लाईट नंतर

लाईट आणून मग त्याला झुकेल असं झाड शोधणं म्हणजे उलटा कारभार. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया ही मंडळी १५ ते ३० पारमध्ये खूश असतात. यांपैकी क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही सापडतात. ब्राह्मी, म्हणजे दुकानातला 'बकोपा', त्याला ३० च्या वर बरं वाटतं. कमी प्रकाशात तो उंच, किडकिडीत होतो आणि खालची पानं गाळतो. लालभडक रोटाला मॅक्रँड्रा मूळची भारतातलीच, पण तिला जोरदार प्रकाश आणि सिलिंडर दोन्ही लागतं. फोटो बघून ती आणली की आठवड्यात हिरवट-तपकिरी होते आणि आपण लाईटला शिव्या देतो.

लाईटला शिव्या देण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासा. एक, तुम्हाला विकलेलं झाड पाण्यातलं आहे का? लकी बांबू, ड्रॅसिना अशी जमिनीवरची झाडं सर्रास टँकची म्हणून विकली जातात. ती पाण्याखाली कुठल्याही लाईटमध्ये कुजणारच. दोन, क्रिप्टोकोरिन नव्या पाण्यात लावली की बऱ्याचदा सगळी पानं विरघळून जातात. मूळ जिवंत असेल तर तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात. मी पहिल्यांदा घाबरून सगळी उपटून फेकली होती.

सिलिंडर नसताना जास्त प्रकाश का चालत नाही, हे समजून घ्यायला हवं. झाडाला प्रकाश, कार्बन आणि खत एकमेकांच्या प्रमाणात लागतं. प्रकाश म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर, कार्बन म्हणजे पेट्रोल. हवेशी जुळलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी असतो, माशांमुळे त्यात थोडी भर पडते एवढंच. शिवाय पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. प्रकाश वाढवला की झाड "आणखी कार्बन दे" म्हणतं, तो मिळत नाही, वाढ अडते. उरलेला प्रकाश आणि खत शेवाळ वापरतं. त्याच्या गरजा फार कमी असतात.

माझा दुसरा लाईट असाच होता, रंगीबेरंगी, रिमोटवाला. पहिले दोन आठवडे अनुबियास चमकत होती. चौथ्या आठवड्यात तिच्या पानांच्या कडांना काळी दाढी फुटली. हे 'ब्लॅक बिअर्ड' शेवाळ एकदा बसलं की घासून जात नाही. ती पानं कापावी लागली. अनुबियासला नवं पान यायला तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा नुकसान किती झालं याचा अंदाज करा.

मग घ्यायचा कोणता?

दीड फुटापर्यंतच्या टँकला माझी पहिली पसंती अजूनही ९ वॉटचा कूल डेलाइट बल्ब आणि टेबललॅम्प हीच. दिसायला साधा, पण दांडी वर-खाली करता येते आणि छोट्या टँकमध्ये ही सोय सोन्यासारखी आहे. प्रकाश जास्त झाला तर दोन इंच वर, कमी वाटला तर खाली. बल्ब गेला तर रात्री साडेनऊला खाली उतरून दुसरा आणता येतो.

दोन फुटी टँकला दोन फुटांची १० वॉटची एलईडी बॅटन लांबीभर सारखा उजेड देते. बल्ब मध्ये ठेवला तर कोपरे अंधारात राहतात. बॅटन काचेच्या झाकणावर टेकवू नका, कारण ती ओलाव्यासाठी बनलेली नसते (याबद्दल पुढे). भिंतीला किंवा शेल्फच्या खालच्या बाजूला लावा.

तिसरा पर्याय म्हणजे खास ॲक्वेरियमचा क्लिपवाला किंवा पायांचा लाईट. चांगला असेल तर सुंदर दिसतो, उजेड सरळ खाली टाकतो आणि ओलावा सोसतो. प्रश्न एवढाच की खोक्यावरच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा. माझ्या रिमोटवाल्या लाईटवर २४ वॉट छापलं होतं. वीज मोजणाऱ्या स्मार्ट प्लगला लावल्यावर पूर्ण उजेडात ११ दिसले. तेवढ्यातही त्याने शेवाळ आणलं, ते सोडा. घेताना मी तीन गोष्टी विचारतो : लुमेन किती, उजेड कमी करता येतो का, आणि ॲडॉप्टर वेगळा आहे का. लुमेन सांगता येत नसतील तर पांढऱ्या एलईडीसाठी वॉटमागे ८० ते १०० धरा, तेही खऱ्या वॉटवर. डिमर असेल तर थोडा मोठा लाईट चालतो. डिमर नसेल तर गरजेपेक्षा कमीच घ्या.

प्रकाश जास्त असेल आणि डिमर नसेल तर पाण्यावर तरंगणारी झाडं सोडा. साल्व्हिनिया किंवा पिस्टिया पृष्ठभागाचा अर्धा भाग झाकते, खाली सावली पडते आणि शेवाळाचं खत खाऊन टाकते. मनी प्लांटची फांदी टँकच्या मागे लटकवून मुळं पाण्यात सोडली तरी तोच फायदा, कारण त्याची पानं हवेत असतात आणि कार्बनची टंचाई त्याला नसते. फक्त ही तरंगती झाडं वाढली की जास्तीची कचऱ्यात किंवा कुंडीत टाका, खाडीत, नदीत किंवा तलावात नाही. उल्हास नदीत जलपर्णी काय करते ते कल्याणकरांना सांगायला नको.

विजेचं बिल हा विषय दोन ओळींचा आहे. ९ वॉट, रोज ८ तास, महिन्याला २.१६ युनिट. ३० वॉटचा लाईट घेतलात तरी ७.२ युनिट. फिल्टर चोवीस तास चालतो, तो यापेक्षा जास्त खाऊ शकतो.

"खिडकीतलं ऊन चालेल का?"

हा प्रश्न हमखास येतो. चालतं, पण ताबा आपला राहत नाही. ठाणे-कल्याण साधारण १९.२ अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन हॉलमध्ये आतपर्यंत येतं. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथपासून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे "उत्तरेची खिडकी आहे, ऊन येतच नाही" असं म्हणणाऱ्यांच्या टँकवर मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येऊ शकतं. त्यानंतर जूनपासून ढग, आणि चार महिने प्रकाशाचा भरवसा नाही. हिवाळ्यात एक टँक, उन्हाळ्यात दुसरा, पावसाळ्यात तिसरा. पश्चिमेची खिडकी सगळ्यात वाईट : एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन पडलं की छोट्या टँकचं पाणी भराभर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की लाईट हा विषय दुय्यम होतो.

टँक आतल्या भिंतीला ठेवा आणि दिव्यावर चालवा.

किती तास आणि कधी

सुरुवातीला सहा तास. झाडं रुजली, नवी पानं दिसू लागली की दर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठपर्यंत न्या. दहा-बारा तासांनी झाडं दुप्पट वाढत नाहीत, शेवाळ मात्र वाढतं. कमी प्रकाश जास्त वेळ दिला तर भरपाई होईल हा समजही फारसा कामाचा नाही. झाडाला जगायला लागतो तेवढा किमान प्रकाशच मिळत नसेल तर तास वाढवून काय होणार?

आता खरी अडचण. सकाळी ७:४० ची लोकल पकडणारा माणूस रात्री आठला घरी येतो. लाईट सकाळी जाताना लावला आणि आल्यावर बंद केला, तर बारा तास झाले आणि टँक बघायलाही मिळाला नाही. झाडाला घड्याळ कळत नाही. त्याचा 'दिवस' दुपारी तीनला सुरू झाला तरी त्याची काही हरकत नसते. माझा लाईट दुपारी ३ ला लागतो, रात्री १०:३० ला बंद होतो. जेवताना टँक उजळलेला असतो. फक्त तो रोज त्याच वेळी लागला पाहिजे, आणि रात्री पूर्ण अंधार हवा.

म्हणून टायमर. हा खर्च टाळू नका, लाईटपेक्षा टायमरने माझं जास्त शेवाळ कमी केलं. पिना दाबायचा गोल मेकॅनिकल टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की त्याचं घड्याळही थांबतं आणि तेवढं मागे पडतं. पावसाळ्यात दोन-तीनदा वीज गेली की तीनचा लाईट साडेपाचला लागायला लागतो. बॅटरीवाला डिजिटल टायमर वेळ धरून ठेवतो. स्मार्ट प्लग वायफायवरून वेळ दुरुस्त करतो; त्यात "वीज परत आल्यावर काय करायचं" अशी सेटिंग असते, ती नीट बघा, नाहीतर मध्यरात्री वीज आली की लाईटही लागतो.

"बाबा, पाणी चावतंय"

हा भाग मी सगळ्यात आधी लिहायला हवा होता.

माझा पहिला लाईट क्लिपचा होता, नाव नसलेला, टँकबरोबर आलेला. एका रविवारी मुलगी माशांना खाणं घालत होती. हात पाण्याला लागला आणि तिने झटकन मागे घेतला. "बाबा, पाणी चावतंय." मला वाटलं मासा लागला असेल. मी बोट बुडवलं तर कोपरापर्यंत झिणझिण्या. टेस्टर लाईटच्या धातूच्या कडेला लावला, तो पेटला. झाकणाखालची वाफ लाईटमध्ये शिरली होती. इलेक्ट्रिशियनने येऊन दुसरीच गोष्ट दाखवली : त्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती आणि मुख्य बोर्डात आरसीसीबी नव्हता. बिल्डिंग जुनी, वायरिंग त्या काळातलं. त्या दिवशी ती चपला घालून कोरड्या लादीवर उभी होती.

तेव्हा लाईट निवडताना लुमेनच्या आधी हे बघा. ज्याचा ॲडॉप्टर वेगळा असतो आणि टँकवर फक्त १२ किंवा २४ व्होल्ट येतात, असा लाईट २३० व्होल्ट थेट टँकवर आणणाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. आयपीचा आकडा वाचा : आयपी२० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, घरातल्या साध्या बॅटन बहुधा याच. आयपी६५ पाण्याचा फवारा सोसतो, आयपी६७ अर्धा तास एक मीटर पाण्यात बुडाला तरी टिकतो. टँकच्या काठावर बसणारा लाईट आयपी६५ च्या खालचा घेऊ नका. साधा बल्ब वापरत असाल तर तो पडला तरी पाण्यात जाणार नाही अशा रीतीने लॅम्प बांधा. नुसती क्लिप पुरत नाही, मांजर असेल तर अजिबात नाही. बल्बवर बीआयएसचं चिन्ह आणि त्याखालचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा.

प्लगकडे जाणाऱ्या वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड टँकच्या खाली जमिनीवर ठेवू नका. पाण्यात हात घालण्याआधी सगळं बंद करा, बटण नव्हे, प्लगच काढा. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. चांगल्या ॲक्वेरियम लाईटएवढा खर्च येईल. दोन्ही परवडत नसतील तर आधी आरसीसीबी, तोवर प्लास्टिकची झाडं राहू द्या.

पहिले दोन महिने काय दिसेल

नव्या टँकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी पावडर जमते. हे डायॲटम, लाईटचा दोष नाही, बोटाने पुसलं जातं आणि आपोआप ओसरतं. काचेवर हिरवे कडक ठिपके, पानांवर हिरवे केस दिसू लागले तर एक तास कमी करा किंवा लाईट दोन इंच वर घ्या. यातलं एकच करा आणि दोन आठवडे थांबा. दोन्ही एकदम केलं, वर खतही बदललं, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. याउलट झाडं उंच, बारीक होऊन दिव्याकडे ताणली जात असतील, दोन पानांमधलं अंतर वाढत असेल, तर प्रकाश कमी आहे. लाईट खाली आणा, तास वाढवू नका.

काच आणि लाईटचं आवरण आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, अर्थात प्लग काढून. आपल्याकडची धूळ आणि पाण्याचे पांढरे डाग मिळून किती प्रकाश खातात ते लक्स मीटरवर बघाच. मी पुसण्याआधी आणि नंतर मोजलं तेव्हा २२०० च्या जागी १७०० झाले होते, आणि मी तीन आठवडे खताची बाटली बदलायचा विचार करत होतो.